अप्पांनी धरून ठेवलेला टेलिफोन

सोलापुरात ज्यांच्या ओसरीवर मी कधी पान खायला टेकलो असेन, त्या प्रत्येकानं ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकलेली आहे. म्हणजे तिचा पूर्वार्ध. बारशाला सांगितली, मुंजीच्या पंगतीत सांगितली, मेळ्याच्या तालमीत तर लोकांनी हात धरून सांगायला लावली. आणि मला काय, कुणी "नाना, होऊन जाऊ द्या" म्हणायचा अवकाश — उपरणं कमरेला बांधून मी उभा. हातवारे, आवाज, खोकला, सगळं साग्रसंगीत. हसून हसून माणसं भिंतीला टेकायची.

उत्तरार्ध मात्र एकाही माणसाच्या कानावर गेलेला नाही. बायकोच्यासुद्धा नाही. तिला वाटतं, तिच्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. राहतं. एवढं एक राहिलं आहे.

तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे. आणि आधी हसवूनच सांगतो — दुसरी रीत मला येत नाही, त्याला माझा इलाज नाही. तुम्ही हसलात तरी मला राग नाही. मीही हसलोच होतो.

तर आमच्या गिरणीत टेलिफोन आला, तेव्हाची गोष्ट. गावात तेव्हा हे यंत्र मोजक्या ठिकाणी होतं. आमच्याकडचं तर गिरणीपुरतंच: एक यंत्र साहेबांच्या बंगल्यावर, एक कचेरीत, एक पटांगणापलीकडच्या कापडाच्या गोदामात. तिन्हींची तार एकच. दांडी गरागरा फिरवली की दुसरीकडे घंटा वाजायची; एकदा वाजली तर कचेरीसाठी, दोनदा बंगल्यासाठी, तीनदा गोदामासाठी. यंत्र म्हणजे काळा खांब, वर बोलायचं तोंड, बाजूला टांगलेला कानाला लावायचा नळा. एका हातात खांब धरायचा, दुसऱ्या हातात नळा. दोन्ही हात गुंतलेले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिले काही दिवस कचेरीत नुसता तमाशा. आमचा टाइमकीपर इतका ओरडायचा की साहेबांना यंत्राशिवायच ऐकू जात असावं. दुसरे एक कारकून होते, ते साहेबांच्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलवायचे. पलीकडून साहेब "हॅलो, हॅलो" करून घसा कोरडा करताहेत आणि हे आपले अदबीनं मान हलवताहेत. बंगल्यावरचा खानसामा यंत्र उचलायचा आणि कोण आहे हे न विचारता आधी जेवण झालं का ते विचारायचा.

शेवटी साहेब कंटाळले. गोरा माणूस, पाइप दातांत धरून बोलायची सवय, प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचा. त्यांनी आम्हा सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं आणि टेलिफोनवर सभ्यपणानं कसं बोलायचं, याचा धडा दिला. त्यांच्या त्या हिंदुस्थानीत.

"ओरडना नहीं. हम बहरा नहीं. पहिले अपना नाम बोलना. 'कौन है रे' बोलना नहीं. और बडा आदमी पहिले नीचे रखेगा, बाद में तुम. बडा आदमी बोलता है और तुम रख दिया — वो दरवाजा मूं पे मारने जैसा है. समझा?"

सगळे म्हणाले, समजलं. खरं समजलं ते एकालाच. अप्पांना.

अप्पा म्हणजे आमचे हेडक्लार्क, वीरभद्रप्पा. मूळचे जवळच्याच कुंभारी गावचे. घरात कानडी, कचेरीत मराठी, कागदावर इंग्रजी, आणि तिन्ही भाषांत सारखेच सावकाश. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. मला ते 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकट्या भावा. मी उशिरा आलो की साहेबांपुढे "तो गोदामात गेलाय की" हे ठरलेलं. इंग्रजी पत्राचा मसुदा कसा करायचा हे मला त्यांनी शिकवलं. कामावर लागलो तेव्हा माझं बिऱ्हाड नव्हतं, तर वर्षभर दुपारची भाकरी त्यांच्या डब्यातली.

या माणसाला रीत म्हणजे रीत. घरी पाहुणा आला तर त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायचा, आणि टांगा वळणावरून दिसेनासा झाल्याशिवाय पाठ फिरवायची नाही. पाहुण्यानं मागं वळून पाहिलं आणि आपली पाठ दिसली तर? साहेबांचा तो बडा आदमीवाला नियम त्यांनी त्याच खात्यात बसवला. घंटा वाजली आणि बंगल्यावरून आहे असं कळलं की आधी नळा टेबलावर आडवा ठेवायचा, वहाणा काढायच्या, खुंटीवरचा कोट अंगात घालायचा, फेटा डोक्यावर बसवायचा, आणि मग उभं राहून "जी, वीरभद्रप्पा बोलतोय". टेलिफोन बसून घ्यायची सोय होती. अप्पा बसून बोलल्याचं कुणी पाहिलं नाही. आणि बोलणं संपलं तरी नळा कानाला. पलीकडे 'खट्' झाल्याशिवाय खाली यायचा नाही.

"अप्पा, त्यांना दिसतं का हो फेटा?" मी एकदा विचारलं.

"मला दिसतोय की," अप्पा म्हणाले.

मी संध्याकाळी गोदामात जाऊन हे वाक्य अप्पांच्या आवाजात म्हणून दाखवलं. गोदामाचे कारकून बाबूमियाँ डोळे पुसत म्हणाले, "हौ जी, हूबहू अप्पाच बैठा है."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मला आवाज काढता येतात. कुणाचेही. मेळ्यात मी सासू व्हायचो, मामलेदार व्हायचो, भांडखोर शेजारीण व्हायचो. साहेबांचा आवाज तर मला पहिल्या आठवड्यातच आला. तो खाकरा, ते पाइपमागून येणारं चेपलेलं बोलणं. आणि टेलिफोनच्या तारेतून आवाज असा येतो की त्यात माणसाचं निम्मं माणूसपण गळून पडतं — उरतो तो नुसता ढंग. तो माझ्याकडे होता.

इथवर तुम्हाला कळलंच असेल, मी काय केलं असेल ते. कळू द्या. घाई नाही. मलाही नाही.

अप्पांना एकच मुलगी, गंगव्वा. रायचूरला दिलेली. जावई रेल्वेत. अप्पांची बायको वारली तेव्हा गंगा आली नाही — म्हणजे तिला धाडली नाही, सासरी दिराचं लग्न होतं. हे अप्पांनाही ठाऊक होतं. पण त्या दिवसांत माणसाला कुणावर तरी राग धरावा लागतो. आईच्या दिवसाला जी येत नाही ती माझी कुणी नाही, असं ते चार माणसांत बोलून बसले. अप्पा एकदा बोलले की बोलले. पोरीची कार्डं यायची. ते वाचायचे, घडी घालायचे, उत्तर द्यायचे नाहीत. अशी वर्षं गेली. मी कधी विषय काढला तर म्हणत, "राहू दे रे तम्मा." राग कधीच संपला होता, हे मला दिसत होतं. फक्त परत कसं फिरायचं, याची रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती.

मग जावयाचं कार्ड आलं. गंगेला क्षय झाला होता. पुण्याकडच्या दवाखान्यात नेत होते. दुपारची गाडी सोलापूरला इंजिनाला पाणी घेण्यापुरती थांबेल. खाली तिनं स्वतः एक ओळ लिहिली होती: राग गेला असेल तर बाबांनी स्टेशनवर यावं.

त्या सकाळी अप्पा नवं धोतर नेसून आले. हातात पितळी डबा. शेजारणीकडून कडक भाकरी करून घेतल्या होत्या आणि शेंगांची चटणी, गंगेला लहानपणापासून आवडायची म्हणून. साहेबांकडून तासाभराची रजा घेतलेली. कचेरीत हे ठाऊक होतं एका मला. डबा टेबलाखाली सरकवून ते माझ्याकडे झुकले.

"तम्मा, तू नाटकातला माणूस. पहिलं वाक्य काय बोलावं सांग की."

"कुणाशी?"

"गंगेशी रे. इतकी वर्षं बोललो न्हाय. एकदम काय बोलू?"

मी म्हणालो, "काही बोलू नका अप्पा. डबा पुढं करा. बाकीचं ती बोलेल."

त्यांचा चेहरा असा मोकळा झाला — मी इतक्या माणसांना हसवलं, पण तसा चेहरा कुणाचा झालेला पाहिला नाही. "व्हय," म्हणाले. "डबाच पुढं करतो. बरं सांगितलंस."

पाहिलंत? मला माहीत होतं. लोकांना गोष्ट सांगताना मी ही सकाळ गाळतो. अप्पांना कुठं जायचं होतं हे सांगतच नाही. ते सांगितलं तर पुढे कुणी हसेल का?

दुपारी साहेब जेवायला बंगल्यावर गेले होते आणि मी गोदामात होतो. हैदराबादेकडचे दोन दलाल माल बघायला आले होते. बाबूमियाँनी माझी तारीफ करून ठेवली होती, आणि माझे सासूपासून मामलेदारापर्यंत सगळे आवाज काढून झाले होते. दलाल खूश. मी त्याहून खूश. मग अप्पांच्या फेट्याची गोष्ट निघाली, तसा त्यांतला एक म्हणाला, "क्या बात करते जी. टेलिफून के वास्ते फेटा बांधता? झूट."

झूट म्हणाला. माझ्या गोष्टीला.

गोदामाच्या खिडकीतून पटांगणापलीकडे कचेरीची खिडकी समोर दिसायची. नाटकाला बसल्यासारखी जागा. मी पाहिलं तर अप्पा निघायच्या तयारीत. कोट घातलेला, फेटा बांधलेला, डबा हातात. फाटकाशी टांगा उभा. मी मनाशी म्हटलं, एक मिनिट. नुसतं एक मिनिट. अजून गाडी यायची आहे.

दांडी फिरवली. समोर अप्पा दारातून परत फिरले. डबा काखेत मारला, एका हातात खांब, एका हातात नळा. आणि मग माझा साहेबी खाकरा ऐकताच, तेवढ्या घाईतसुद्धा, पायानं पायातल्या वहाणा काढल्या. दलालानं कपाळावर हात मारून घेतला.

मी खाकरलो. "अप्पा. ठैरो. हम एक कागज लेके आता. फोन पकडके रखो."

"जी, साहेब."

नळा मी टांगला नाही. कापडाच्या गाठीवर अलगद ठेवला, हसणं पलीकडे जाऊ नये म्हणून बोलायच्या तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला आणि हात झटकून खिडकीशी आलो.

काय सांगू, दृश्यच तसं होतं. अप्पा यंत्राशी ताठ उभे. काखेतला डबा घसरायला लागला की खांदा वर उडवायचे. फेट्याचा शेमला डोळ्यावर आला, तर हात मोकळा नाही म्हणून फुंकर मारून उडवायचे. घड्याळाकडे मान वळवायची, पण तोंड यंत्रासमोरून हलू द्यायचं नाही. दलाल गाठीवर लोळत होते. कोण म्हणे आता ठेवेल, कोण म्हणे मग ठेवेल. मी म्हणालो, "ठेवणार नाहीत. माझा माणूस आहे, मी ओळखतो." मोठ्या अभिमानानं म्हणालो.

तेवढ्यात गाडी आल्याची शिट्टी झाली.

हे इथं मी थांबतो. नेहमी इथं मी पाणी प्यायचं निमित्त करतो आणि पुढच्या हशाकडे उडी मारतो. आज उडी मारायची नाही.

शिट्टी मी ऐकली. स्टेशन गिरणीपासून जवळ, आवाज अगदी स्वच्छ आला. अप्पांनीही ऐकली — त्यांची मान खिडकीकडे वळलेली मी पाहिली. नळा माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी स्वतःला म्हणालो, इंजिन पाणी घेईल, वेळ आहे. आणि वेळ होता हो. खरंच होता. त्या क्षणी सोडलं असतं तर टांग्यानं पोचले असते.

मग टांगेवाला फाटकातून आत आला आणि कचेरीच्या खिडकीखाली उभा राहून ओरडला, "अप्पा, चला की ओ. गाडी आली."

अप्पांना बोलता येईना. तोंडाशी यंत्र, साहेबांना ऐकू गेलं तर? हात गुंतलेले, खूण करता येईना. त्यांनी नुसते डोळे मोठे केले आणि भुवया वर नेल्या — थांब, थांब. टांगेवाला आपला "काय? काय म्हणता?" असं विचारतोय. बाबूमियाँ खाली बसले. एक दलाल म्हणाला, "बस करो, पेट दुखरा." असा हशा मला मेळ्यात मिळाला नव्हता, पुढेही कधी मिळाला नाही. आणि मला तो आणखी हवा होता. त्यासाठी मी उभा राहिलो. राग नव्हता, हेवा नव्हता, अप्पांनी माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. पोरवयही म्हणता येणार नाही. माझी दोन मुलं शाळेत जात होती. दोन परकी माणसं हसत होती आणि त्यांनी हसायचं थांबू नये, एवढंच मला वाटत होतं.

गाडी सुटल्याची शिट्टी झाली, तेव्हा मी बोळा काढून नळा उचलला. खाकरलो आणि म्हणालो, "ठीक है अप्पा. कागज मिल गया. रखो." हीसुद्धा मी गोष्टीतली एक जागा करून टाकली आहे. तिथं लोक टाळ्या देतात.

खिडकीतून अप्पा पळताना दिसले. अनवाणी. वहाणा टेबलाखालीच राहिल्या होत्या.

ते परत आले तेव्हा मी माझ्या जागेवर येऊन बसलो होतो, मान खाली घालून लिहीत. त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला. "तू खा रे तम्मा," म्हणाले. "गाडी निघाली होती. शेवटचा डबा तेवढा दिसला."

मी खाल्लं. काय करणार होतो — नको म्हणालो असतो तर का नको, ते सांगावं लागलं असतं. चटणी चांगली झाली होती. तेही आठवतं मला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "साहेब मला थांब म्हणाले आणि मग काही कामच सांगितलं न्हाय. माझ्या हातनं काही चुकलं काय?"

इथं मला सुटता आलं असतं. एका वाक्यात. तुम्हाला वाटेल, भीतीनं बोललो नाही. भीती होतीच, नोकरी गेली असती. पण मी नुसता गप्प बसलो नाही. मी बोललो. मला बोलल्याशिवाय राहवतं कुठं? मी म्हणालो, "अहो अप्पा, साहेबांना फार वाईट वाटलं. काल संध्याकाळी मला म्हणाले, अप्पाला उगाच उभं केलं, त्याची रजा होती, मी विसरलो. सॉरी सांग म्हणाले."

"साहेब? मला सॉरी?"

"हो. दोनदा म्हणाले."

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीची भेट चुकली त्याचं नव्हे हो — साहेबांनी माफी मागितली त्याचं. आणि ते उठले. बंगल्यावर जाऊन साहेबांना भेटतो म्हणाले, मनाला लावून घेऊ नका असं सांगून येतो. मी त्यांचा हात धरला आणि तिथल्या तिथं एक रीत रचली. "अप्पा, त्यांच्यात माफी एकदाच मागतात. त्याची पुन्हा आठवण काढली तर तो अपमान समजतात."

दुसरा कुणी असता तर हसून गेला असता. अप्पा बसले. "असं आहे होय," म्हणाले. "बरं झालं सांगितलंस. माझ्याकडून आगळीक झाली असती." साहेब विलायतेला परत जाईपर्यंत त्यांनी तो विषय त्यांच्यापुढे काढला नाही. रीत होती ना.

त्याच दुपारी त्यांनी गंगेला पत्र लिहिलं. इतक्या वर्षांतलं पहिलं. मला वाचून दाखवलं. साहेबांचा टेलिफोन आला, साहेबांनी धरून ठेवायला सांगितलं, म्हणून गाडी चुकली, नंतर खुद्द साहेबांनी दिलगिरी कळवली. राग नाही. राग कधीच नव्हता. बरी झालीस की सोलापुरास उतर.

ती बरी झाली नाही. उन्हाळ्याआधीच गेली. अप्पा पुण्याला गेले आणि चार-पाच दिवसांनी परत कामावर आले. दुपारी डबा उघडला, पण जेवले नाहीत.

"पत्र मिळालं होतं तिला," म्हणाले. "जावई सांगत होता. वाचलं म्हणे, आणि म्हणाली, बाबांना न यायला नीट कारण तरी सुचायला हवं होतं. टेलिफोन काय, साहेबानं माफी मागितली काय." मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "तिला खोटं वाटलं रे."

मी काय केलं असेल? मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. समजूत घातली. आवाजात कंप आणला — मला येतो. खरं सांगायचं तर तो आणलेला होता की आपोआप आला होता, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही.

अप्पा निवृत्त होऊन कुंभारीला जाऊन राहिले. मी जाईन, जाईन म्हणत गेलो नाही. ते आजारी आहेत असं कळलं, तेव्हा एकदा गेलो. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यं जुळवली होती. पुतण्याच्या घरी बाजेवर पडले होते, फार वाळले होते. मला पाहून हसले. "तम्मा आला. याला दूध द्या गं." मग इकडच्या तिकडच्या चौकशा. माझं वाक्य ओठांवर येत होतं, माघारी जात होतं.

मग तेच म्हणाले, "तू साहेबाचा आवाज लई हुबेहूब काढतोस म्हणे. बाबूमियाँ सांगायचा. मी कधी ऐकला न्हाय."

मी म्हणालो, "असंच आपलं, गमतीनं."

"काढ की एकदा. ते सॉरी म्हणालेलं. तुझ्याजवळ म्हणाले होते नव्हं — कसं म्हणाले, तसंच म्हण."

त्यांना ठाऊक होतं का? मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काहीही नव्हतं. नुसती वाट पाहणं होतं. सांगायला याहून चांगली जागा मला मिळणार नव्हती, आणि ती जागा खुद्द त्यांनी करून दिली होती.

मी खाकरलो. पाइप दातांत धरल्यासारखं तोंड केलं. "अप्पा, हमको बहुत सॉरी है. तुमको खडा रखा. तुम्हारा छुट्टी था. सॉरी, अप्पा."

उभ्या आयुष्यात मी त्यांची माफी मागितली ती ही. दुसऱ्याच्या आवाजात.

अप्पांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "एवढं गंगेला ऐकवायला पाहिजे होतं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी दूध प्यालो आणि निघालो. सोलापूरला परत येताना सर्व्हिस मोटारीत ओळखीची माणसं भेटली. एक म्हणाला, नाना आहेत, आता रस्ता कळायचा नाही. दुसरा म्हणाला, ती टेलिफोनची होऊन जाऊ द्या. मी नाही म्हणालो. ते पुन्हा म्हणाले.

मी उभा राहिलो. एका हातानं वरचा दांडा धरला, काखेत डबा असल्यासारखा खांदा वर उडवला, आणि सुरुवातीपासून सांगितली. शेमला फुंकरीनं उडवायची जागा त्या दिवशी फार रंगली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन थांबवली, आणि सगळे पोटभर हसले.